पिल्लं नाहीत तरी दूध येतंय? फीमेल डॉगच्या फॉल्स प्रेग्नन्सीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिल्लं न होण्याचं ऑपरेशन न केलेली कुत्री घरात असेल तर फॉल्स प्रेग्नन्सी, म्हणजे पोटात पिल्लं नसताना गाभण असल्यासारखं होणं, हा प्रकार कधी ना कधी बघायला मिळतोच. हीट येऊन गेली (म्हणजे ती माजावर येऊन गेली), दीड-दोन महिने सगळं नीट चाललंय, आणि मग एक दिवस बाईसाहेब जेवत नाहीत, कोपरा उकरत बसतात, सड फुगलेले दिसतात आणि हात लावला तर दूध. घरचे हादरतात, कारण एक तर वाटतं हिला काहीतरी मोठं झालंय, नाहीतर वाटतं आपली नजर चुकवून ही कुठे जाऊन आली. दोन्ही बहुतेक वेळा खरं नसतं. खाली तेच तेच विचारले जाणारे प्रश्न एकत्र केलेत. औषधांची नावं आलीत ती डॉक्टर काय बोलतायत ते कळावं म्हणून, स्वतःच आणून द्यायला नाहीत.

आमच्या फीमेलचं मेटिंग झालंच नाही, मग दूध आलं कुठून?

हॉर्मोन्समुळे. कुत्र्यांचं गणित इथे माणसांपेक्षा वेगळं आहे आणि ते एकदा कळलं की निम्मी भीती जाते. हीटमध्ये अंडी सुटली की ओव्हरीवर कॉर्पस ल्युटियम नावाच्या ग्रंथी तयार होतात आणि त्या प्रोजेस्टेरॉन बनवायला लागतात. गर्भ राहिला नाही तर बाईच्या शरीरात हे काम दोनेक आठवड्यांत थांबतं आणि पाळी येते. कुत्रीमध्ये तसं थांबत नाही. ती गाभण असो नाहीतर नसो, प्रोजेस्टेरॉन जवळजवळ दोन महिने वर राहतं, म्हणजे खरी गर्भधारणा जेवढी चालते साधारण तेवढंच, ती सुमारे ६३ दिवसांची. त्यामुळे मेटिंग न झालेल्या कुत्रीचं शरीरसुद्धा आतून गाभणपणाची सगळी तयारी करतं, स्तनग्रंथी वाढतात, अंगावर थोडी चरबी येते. मग दोन महिने संपत आले की प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि प्रोलॅक्टिन नावाचं दुसरं हॉर्मोन चढतं. दूध आणणारं आणि आईसारखं वागायला लावणारं हॉर्मोन हेच. व्यायलेल्या कुत्रीत जे होतं तेच, फक्त इथे पिल्लं नाहीत.

म्हणजे खरं सांगायचं तर अंडी सुटलेली प्रत्येक कुत्री दर हीटनंतर यातून जाते. बऱ्याच जणींमध्ये बाहेर काहीच दिसत नाही, काहींमध्ये सड थोडे मोठे होऊन परत बसतात, आणि काहींना चक्क पान्हा फुटतो.

मग हा आजार आहे का?

नाही. नैसर्गिक प्रकार आहे. लांडग्यांच्या कळपात सहसा एकच मादी विते आणि बाकीच्या माद्या पिल्लं सांभाळायला हातभार लावतात, तर त्यांनाही त्याच सुमाराला दूध येत असेल तर कळपाचा फायदाच, आणि कुत्र्यांमध्ये ही गोष्ट तिथूनच आली असं बरेच अभ्यासक मानतात. आजार नसला तरी त्रास होऊ शकतो ही गोष्ट वेगळी, काही कुत्र्या खूप अस्वस्थ होतात आणि त्यांना मदत लागते.

हीटनंतर किती दिवसांनी दिसतं आणि किती दिवस चालतं?

बहुतेक वेळा हीट संपल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी. थोडं मागेपुढे होतं, काहींमध्ये चौथ्या आठवड्यातच सुरू होतं तर काहींमध्ये तीन महिन्यांपर्यंत लांबतं. एकदा सुरू झालं की दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरतं. त्याहून जास्त रेंगाळलं तर सहसा कुठेतरी काहीतरी सडांना चाळवत असतं, म्हणजे ती स्वतः चाटतेय किंवा घरातलं कुणीतरी दूध काढतंय, नाहीतर मग डॉक्टरांनी बघायला हवं असं दुसरं कारण असतं.

म्हणून एक सवय लावून घ्या, हीटचं पहिलं रक्त दिसलं ती तारीख कॅलेंडरवर लिहायची. मोबाईलमध्ये टाका हवं तर. डॉक्टरांचा पहिला प्रश्न "शेवटची हीट कधी?" हाच असतो आणि त्यावर घरातली चार माणसं चार वेगवेगळे महिने सांगतात.

नेमकी लक्षणं काय?

शरीरातली आणि स्वभावातली अशी दोन्ही, आणि प्रत्येकीत वेगळी. शरीराकडे बघाल तर सड आणि त्यांच्या आजूबाजूचा भाग फुगतो, कुत्रीला साधारण पाच जोड्या असतात आणि मागच्या दोन जोड्या जास्त भरलेल्या दिसतात. त्यातून पाण्यासारखा, पिवळट-तपकिरी किंवा पांढरा स्राव येतो. पोट थोडं सुटतं. भूक कमी होते, क्वचित उलटी होते, सुस्ती येते.

स्वभावातलं जास्त मजेशीर आणि जास्त केविलवाणं. गादी, उशी, चादर ओढून एका जागी गोळा करायची, पलंगाखाली नाहीतर कपाटामागे घर करायचं, गोल गोल फिरायचं, पायांनी उकरायचं, मधेच कण्हायचं. आणि मग एखादी वस्तू दत्तक घ्यायची. आमच्याकडच्या एकीनं पिळल्यावर चूं चूं वाजणारं रबरी बदक घेतलं होतं. ते अलगद तोंडात धरून, वाजू न देता, पलंगाखाली नेऊन पोटाशी ठेवायचं, नाकानं ढकलत ढकलत सडांपर्यंत आणायचं, मग बराच वेळ चाटायचं, आणि कुणाचे पाय पलंगाजवळ दिसले की खालून बारीक गुरगुर. वाजणारी खेळणी जास्त पसंत पडतात हे बऱ्याच घरांत दिसतं, आवाज पिल्लासारखा असतो म्हणून असेल. पण मोजे, चपला, टीव्हीचा रिमोट, काहीही चालतं.

ती खरंच गाभण नाहीये हे कसं ओळखायचं?

नुसतं बघून नाही ओळखता येत. दूध दोन्हीकडे येतं, पोट दोन्हीकडे सुटतं, उकरणं आणि जागा करणं दोन्हीकडे. म्हणून हीटमध्ये ती एकटी बाहेर गेली असेल, घरात ऑपरेशन न केलेला नर असेल, किंवा पक्कं सांगता येत नसेल तर तपासणी कराच. मेटिंगनंतर साधारण २५ दिवसांपासून सोनोग्राफीत कळतं, पिल्लांच्या हृदयाचे ठोकेही दिसतात. एक्स-रे ४५ दिवसांनंतर उपयोगी, कारण तोपर्यंत पिल्लांची हाडं एक्स-रेत दिसण्याइतकी टणक झालेली नसतात. रिलॅक्सिन नावाच्या हॉर्मोनची रक्ततपासणीही असते, हे हॉर्मोन गर्भाच्या वारेतून येतं त्यामुळे फॉल्स प्रेग्नन्सीत ते सापडत नाही.

मेडिकलमधून माणसांचं प्रेग्नन्सी किट आणून टेस्ट करू का, हेही लोक विचारतात. नका करू, काही उपयोग नाही. ते किट ज्या हॉर्मोनवर चालतं ते कुत्र्यांमध्ये बनतच नाही, त्यामुळे नऊ पिल्लं पोटात असली तरी निगेटिव्हच येणार.

पोट कडक वाटतं का, आत काही हलतं का हे बघायला जोरजोरात दाबत बसू नका.

सड खूप भरलेत, तिला त्रास होतोय. दूध काढून टाकू का?

नाही! हा सगळ्यात जास्त वेळा होणारा घोळ आहे आणि तो चांगल्या मनानं होतो. भरलेले सड बघून जीव कळवळतो, वाटतं थोडं काढलं तर हलकं वाटेल. पण दूध काढलं की शरीराला निरोप जातो की पिल्लं पितायत, अजून पाठव. सडाला स्पर्श झाला, ओढ बसली की प्रोलॅक्टिन वाढतं, आणि दोन आठवड्यांत संपणारी गोष्ट महिनाभर चालते. न काढता सोडून दिलं की आतला दाब वाढतो, त्या दाबानंच दूध बनणं मंदावतं आणि आहे ते दूध हळूहळू शरीरात जिरून जातं. दोन-चार दिवस सड टणक दिसतात तेवढे सहन करायचे, तिनंही आणि तुम्हीही.

त्याच कारणानं मालिश नको, तेल चोळणं नको, गरम शेक नको. शेकानं रक्तपुरवठा वाढतो आणि दूधही. फारच ताठरले असतील तर पातळ फडक्यात गुंडाळलेला गार पॅक पाच-दहा मिनिटं नुसता टेकवून ठेवायला बरेच डॉक्टर सांगतात, तोही ती शांतपणे ठेवू देत असेल तरच. आणि रोज "आज आलं का बघू" म्हणून दाबून बघणारी माणसं घरात असतात ना, त्यांनाही आवरा, कारण रोजची ती तपासणी म्हणजे थोडं थोडं दूध काढणंच झालं.

कुठलाही लेप लावू नका. ती चाटणार, म्हणजे तो पोटात जाणार. कापूर असलेली मलमं तर कुत्र्यांसाठी विषारीच असतात.

पण ती स्वतःच चाटत बसते, तिला कसं थांबवायचं?

गळ्यात कोन घाला, म्हणजे तोंड सडांपर्यंत पोचू न देणारी नरसाळ्यासारखी कॉलर. प्लॅस्टिकचा आवडत नसेल तर कापडी मिळतात, फुगवायचा गोल पट्टा मिळतो पण लांब तोंडाच्या कुत्र्या त्यावरून आरामात पोचतात. ऑपरेशननंतर घालतात तो अंगभर सूट सगळ्यात सोयीचा, किंवा जुना टीशर्ट पुढच्या पायांतून घालून पाठीवर गाठ मारायची. फक्त दिवसातून दोनदा काढून सड बघा, खाली ओलं राहिलं तर कातडी लाल होते. चाटणं थांबणं हा निम्मा इलाज आहे असं म्हटलं तरी चालेल.

खेळणी काढून घ्यायची की राहू द्यायची?

यावर लोकांमध्ये वाद आहेत. माझं मत, काढायची, पण कशी ते महत्त्वाचं. समोर वस्तू असली की ती तिला चाटते, पोटाशी घेते, सड चाळवले जातात आणि चक्र चालू राहतं, म्हणून वस्तू नजरेआड जाणं चांगलंच. पण ती पोटाशी घेऊन बसलेली असताना हात घालून ओढून घेणं म्हणजे चावा मागून घेणं. तिच्या लेखी ते पिल्लू आहे, खेळणं नाही. ती फिरायला गेली असताना, दुसऱ्या खोलीत जेवत असताना घरातल्या दुसऱ्या कुणीतरी गपचूप उचलून ठेवायचं, आणि पलंगाखालची जागाही तेव्हाच साफ करायची. एकच वस्तू असेल आणि ती काढल्यावर ती रात्रभर रडत घरभर शोधत फिरणार असेल तर एक-दोन दिवस थांबून बघा, काहींना एकदम काढणं फार लागतं. हट्टानं "बघू कोण जिंकतं" करायची ही वेळ नाही.

खेळण्याच्या जागी दुसरं काहीतरी द्या. जास्त फिरवा, नवीन रस्त्यानं न्या, वास शोधायचे खेळ खेळा. बऱ्याच जणी या दिवसांत बाहेर पडायलाच तयार नसतात कारण "पिल्लं" घरी आहेत, तेव्हा पट्टा लावून थोडं लाडीगोडीनं काढावं लागतं, एकदा बाहेर आल्या की विसरतात.

एरवी गरीब गाय असलेली आमची मुलगी गुरगुरायला लागलीये, घरात लहान मूल आहे

प्रोलॅक्टिनचा परिणाम. ती तिच्या जागेचं रक्षण करतेय. हे काही दिवसांत जातं पण तोवर मुलाला तिच्या जवळ एकटं सोडायचं नाही, तिच्या कोपऱ्यात, पलंगाखाली हात घालू द्यायचा नाही, ती झोपलेली असताना जाऊन मिठी मारू द्यायची नाही. गुरगुरल्याबद्दल तिला ओरडू-मारू नका. गुरगुरणं ही सूचना आहे, ती देणं बंद केलं तर ती सरळ चावेल. घरात दुसरा कुत्रा असेल तर दोघांची जेवणं आणि झोपायच्या जागा काही दिवस वेगळ्या ठेवा. खरंच चावायला धावत असेल तर थांबू नका, डॉक्टरांशी बोला, अशा वेळी औषध द्यायला हरकत नसते.

खाणं-पाणी कमी करायचं का?

पाणी अजिबात नाही. "पाणी कमी पाजलं की दूध आटतं" हा सल्ला अजून फिरत असतो, त्यानं कुत्री आजारी पडेल, तिला पाणी कायम समोर पाहिजे. खाण्याचं म्हणाल तर ती स्वतःच कमी खात असेल तर मागे लागून भरवू नका, आणि व्यवस्थित खात असेल तर काही दिवस थोडं कमी द्या, विशेषतः पपी फूड किंवा जास्त ताकदीचं काही चालू असेल तर ते बंद करून साध्या खाण्यावर आणा. दूध येतंय म्हणून कॅल्शियम, टॉनिक, "शक्ती येऊ दे" म्हणून जास्तीचं काही सुरू करू नका, ते सगळं उलट दिशेला जातं. दोन दिवसांवर काहीच खाल्लं नाही किंवा पाणीही सोडलं तर मात्र डॉक्टर.

औषध असतं का? कधी द्यावं लागतं?

बहुतेकींना लागत नाही. त्रास जास्त असेल, आक्रमक झाली असेल, दूध थांबतच नसेल, किंवा दर वेळी हाल होत असतील तर डॉक्टर कॅबरगोलिन देतात. हे प्रोलॅक्टिनला मेंदूतूनच लगाम घालतं. साधारण ५ ते १० दिवसांचा कोर्स असतो, काही दिवसांतच वागण्यात फरक दिसायला लागतो. सुरुवातीला उलटी होऊ शकते म्हणून खाण्याबरोबर देतात. ब्रोमोक्रिप्टिन हे जुनं औषधही त्याच जातीचं, पण त्यानं उलट्या जास्त होतात.

कॅबरगोलिन माणसांसाठी मेडिकलमध्ये मिळतं म्हणून परस्पर आणणारे लोक आहेत, त्यांच्यासाठी थोडा हिशोब. कुत्र्याचा नेहमीचा डोस किलोमागे ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे १० किलोच्या कुत्रीला दिवसाला ५० मायक्रोग्रॅम. माणसांची ०.५ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम. एका गोळीचा दहावा भाग सुरीनं कापून बघा जमतो का. शिवाय ती खरंच गाभण असेल तर या औषधानं गर्भ पडू शकतो, म्हणून आधी सोनोग्राफी करून खात्री आणि मगच गोळी. पुढची हीटही त्यामुळे लवकर येऊ शकते, तेव्हा कॅलेंडरवर भरवसा ठेवून बेसावध राहू नका.

आता एक गोष्ट जी फार लोकांना माहीत नसते. तिला उलट्या होतायत म्हणून घरात पडलेलं मेटोक्लोप्रमाइड किंवा डॉमपेरिडोन दिलं जातं. ही दोन्ही औषधं प्रोलॅक्टिन वाढवतात! म्हणजे उलटी थांबेल एखादवेळेस, दूध मात्र वाढेल, आणि कॅबरगोलिन चालू असेल तर त्याचा परिणामही मारला जाईल. उलटीसाठी दुसरी औषधं आहेत, डॉक्टरांना फक्त आठवणीनं सांगा की हिला दूध येतंय.

पूर्वी प्रोजेस्टेरॉनसारखी हॉर्मोनची इंजेक्शनं-गोळ्या देऊन हे दाबायचे. लक्षणं जायची, पण औषध थांबलं की परत उसळायची आणि गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढायचा. आता ती टाळतात. कुणी "एक हॉर्मोनचं इंजेक्शन मारून टाकू" म्हणालं तर कुठलं आणि का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन दिलं तर चालेल का, दुखत असेल तिला?

नाही. माणसांची पेनकिलर कुत्र्यांच्या लिव्हर, किडनी आणि पोटावर जातात. दुखत असेल असं वाटलं तर ते दाखवायचंच कारण आहे.

कधी लगेच डॉक्टरकडे पळायचं?

इथे जरा सावकाश वाचा, कारण या सगळ्या लेखात जिवावर बेतणारी गोष्ट हीच आहे. हीटनंतरच्या याच एक-दोन महिन्यांत पायोमेट्रा होतो, म्हणजे गर्भाशयात पू साठणं. फॉल्स प्रेग्नन्सी आणि पायोमेट्रा, दोन्हींची वेळ तीच, दोन्हींत भूक कमी, सुस्ती, उलटी, पोट सुटलेलं. आणि घरात सगळे "अरे फॉल्स प्रेग्नन्सी आहे, जाईल" म्हणत बसतात. फरक कशात? पायोमेट्रात कुत्री खूप पाणी पिते, खूप लघवी करते, ताप येऊ शकतो, मागच्या बाजूनं पू, रक्तमिश्रित किंवा घाण वासाचा स्राव येतो. पण गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर बाहेर एक थेंबही येत नाही आणि तोच प्रकार जास्त घातक. वय जास्त असलेल्या कुत्र्यांमध्ये जास्त दिसतो पण तरुण कुत्र्याही सुटत नाहीत. नुसत्या फॉल्स प्रेग्नन्सीत योनीतून पू येत नाही, हे लक्षात ठेवा. शंका आली तर रात्रीचे किती वाजलेत ते बघायचं नाही, सोनोग्राफी आणि रक्ततपासणीत लगेच कळतं.

दुसरं म्हणजे मॅस्टायटिस, सडाला झालेलं इन्फेक्शन. एखादाच सड बाकीच्यांपेक्षा गरम, लाल-जांभळा, दगडासारखा टणक, हात लावला की ती कळवळते, आणि दुधाऐवजी पू, रक्त किंवा हिरवट काहीतरी येतं. अशात अँटिबायोटिक लागतं. कुत्र्याचं नॉर्मल टेंपरेचर ३८ ते ३९.२ सेल्सिअस असतं, म्हणजे माणसाच्या हाताला ती नेहमीच गरम लागणार, त्यामुळे ताप हातानं न बघता थर्मामीटरनं बघा.

एका सडाजवळ गाठ लागतेय, ती दुधाचीच असेल ना?

असेलही, नसेलही. दूध भरल्यानं आलेली सूज साधारण दोन्ही बाजूंना आणि मऊसर असते आणि दूध आटलं की बसते. एकाच जागी शेंगदाण्याएवढी-वाटाण्याएवढी घट्ट गाठ लागत असेल आणि सगळं ओसरल्यावरही तिथेच असेल तर दाखवा. ऑपरेशन न केलेल्या कुत्र्यांमध्ये स्तनाच्या गाठी बऱ्याच होतात आणि त्यातल्या काही कॅन्सरच्या निघतात, लहान असताना काढलेली गाठ आणि मोठी झाल्यावर काढलेली गाठ यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

एकदा पिल्लं होऊ दिली की हे थांबतं म्हणतात

थांबत नाही. हे हीटच्या चक्राशी बांधलेलं आहे, आधी पिल्लं झाली की नाही याच्याशी काही संबंध नाही. व्यायलेल्या कुत्रीलाही पुढच्या रिकाम्या हीटनंतर हेच होऊ शकतं. "तिला आईपणाचा आनंद मिळू दे" वगैरे भावना मी समजू शकते पण ती पाच-सहा पिल्लं कुणाच्या घरी जाणार हा प्रश्न आधी सोडवा.

मग आत्ताच ऑपरेशन करून टाकू का, म्हणजे दूधही थांबेल?

आत्ता नको. ऑपरेशन हाच कायमचा उपाय आहे पण वेळ चुकली तर उलटं पडतं. ओव्हरी काढल्या की उरलंसुरलं प्रोजेस्टेरॉन एकदम खाली येतं, प्रोलॅक्टिनला मोकळं रान मिळतं आणि दूध, रुसवे-फुगवे, गुरगुर हे सगळं कित्येक आठवडे, काहींमध्ये महिनोन्महिने अडकून राहतं. शिवाय फुगलेल्या स्तनांमुळे टाके घालायच्या जागीही रक्त जास्त आणि जखम भरायला अडचण. काहीही लक्षण नसताना हीटनंतर महिन्या-दीड महिन्यात ऑपरेशन केलं आणि तीन-चार दिवसांत दूध आलं, असंही होतं, त्याचं कारणही हेच.

दूध पूर्ण आटू द्या, सड बसू द्या, वागणं जागेवर येऊ द्या. हीटनंतर साधारण ३ ते ४ महिन्यांनी हॉर्मोन्स सगळ्यात शांत असतात, तो काळ चांगला. तोवर सगळं ओसरलं नसेल तर आधी कॅबरगोलिन देऊन मग ऑपरेशन. अपवाद एकच, पायोमेट्रा असेल तर तारखा बघायच्या नसतात, दूध असो नाहीतर काही असो, ऑपरेशन लगेच.

ऑपरेशन कुठल्या वयात करावं हा मोठा विषय आहे. १९६९ च्या एका गाजलेल्या अभ्यासात पहिल्या हीटआधी ऑपरेशन केलेल्या कुत्र्यांमध्ये स्तनाच्या गाठींचा धोका ऑपरेशन न केलेल्यांच्या ०.५ टक्के, पहिल्या हीटनंतर ८ टक्के आणि दुसरीनंतर २६ टक्के असा मांडला होता आणि तेच आकडे अजून सगळीकडे सांगितले जातात. २०१२ मध्ये झालेल्या आढाव्यात मात्र हा पुरावा तेवढा भक्कम नाही असं निघालं. त्यात मोठ्या जातींमध्ये हाडं-सांधे पुरते वाढायच्या आत ऑपरेशन नको असाही एक विचार आहे. त्यामुळे जात, वजन, वय बघून तुमच्या डॉक्टरांबरोबर ठरवा.

ऑपरेशन होऊन बरेच महिने झाले तरी दूध येतंय, हे कसं?

एक तर वर सांगितलं तसं चुकीच्या वेळी ऑपरेशन झालं आणि ती अवस्था तशीच अडकली, यावर कॅबरगोलिननं फरक पडतो. नाहीतर ओव्हरीचा एखादा तुकडा आत राहिलाय. असं असेल तर तिला अधूनमधून हीटची लक्षणं दिसतील, नर मागे लागतील. रक्ततपासणीत ते शोधता येतं. थायरॉइड कमी असलं तरी क्वचित दूध येतं, म्हणून कारण सापडत नसेल तर तेही तपासतात.

दर हीटला होणार का? काही जातींमध्ये जास्त असतं का?

एकदा झालं की पुढेही होण्याची शक्यता जास्त, पण दर वेळी तेवढ्याच जोरात होईल असं नाही. पहिल्या हीटनंतरही होऊ शकतं. डॅशहंड, बीगल, बॉक्सर, बॅसेट हाउंड, पॉइंटर या जातींची नावं जास्त घेतली जातात, पण लॅब्रॅडोर असो की साधी गावठी, कुणालाही होतं.

मांजरीला पण होतं का?

फारच कमी. मांजरीत मेटिंग झाल्यावरच सहसा अंडी सुटतात, त्यामुळे बोका जवळ आलाच नाही तर हा सगळा खेळ बहुधा सुरूच होत नाही.

तिला दूध आहेच तर आई नसलेली पिल्लं तिच्याजवळ ठेवली तर?

होतं तसं, काही कुत्र्या अगदी जीव लावून वाढवतात. पण दूध पुरेलच याचा भरवसा नाही, ती पिल्लांना स्वीकारेलच असंही नाही, आणि अनोळखी पिल्लांबरोबर पार्व्होसारखे आजार आणि जंत येऊ शकतात. हे डॉक्टरांच्या नजरेखाली, पिल्लांचं रोज वजन करत करायचं काम आहे. आणि फक्त तिचं मन रमावं म्हणून कुठून तरी पिल्लू आणून ठेवायचा बेत असेल तर तो सोडा, दूध आणखी महिनाभर चालेल.

इतक्यात ऑपरेशन करायचं नाहीये. पुढच्या हीटला काय तयारी ठेवू?

तारीख लिहा. हीट संपल्यावर महिन्याभरानं वाजणारी आणि केसाळ खेळणी सगळी वर ठेवून द्या, ती कुणाला दत्तक घ्यायच्या आतच. खाणं आवरतं घ्या, फिरणं वाढवा, लांबूनच रोज सडांवर नजर टाका, हात न लावता. कोन किंवा सूट कपाटातून काढून ठेवा, पहिल्यांदा चाटताना दिसली की त्याच दिवशी घाला. मागच्या वेळी फार त्रास झाला असेल तर डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे लक्षणं सुरू झाल्या झाल्या औषधाचं ठरवता येतं. आणि पाण्याचं भांडं दिवसात किती वेळा भरावं लागतंय यावर लक्ष ठेवा, एकदम दुप्पट वेळा भरावं लागायला लागलं तर फॉल्स प्रेग्नन्सी आहे असं गृहीत धरून थांबू नका, त्याच दिवशी दाखवून या.